रोज नव्यानं ओळख करून द्यावी लागते

प्रश्न: मी तासगाव तालुक्यात राहते. आमच्या भागातल्या एका साप्ताहिकात द्राक्षबागेवर सदर लिहिते, शिवाय एका शेतकरी उत्पादक कंपनीचे व्हॉट्सॲपवरचे संदेश तयार करते. वर्षभर एआय सहायक वापरतेय. अडचण अशी की प्रत्येक वेळी पहिली दहा मिनिटं त्याला तेच तेच सांगण्यात जातात. वाचक कोण आहेत, भाषा कशी हवी, 'प्रदान करणे' लिहू नकोस, खरड छाटणीला 'कापणी' म्हणू नकोस. गेल्या महिन्यात वैतागून स्वतःविषयी चार पानी माहिती लिहिली आणि त्याला कायमची देऊन टाकली, तर लेखन आणखीच बिघडलं. भाचीच्या साखरपुड्याच्या निमंत्रणातही द्राक्षांचे घड आले! त्याच्या लक्षात राहील अशी नोंद नेमकी कशी करायची?

उत्तर: ताई, नमस्कार.

आधी त्या चार पानांचं काय झालं ते पाहू. सहायकामागचं मॉडेल प्रत्येक नव्या संभाषणात कोरी पाटी घेऊन येतं. 'कस्टम इन्स्ट्रक्शन्स', 'मेमरी', 'प्रोजेक्ट' अशी नावं वेगवेगळी असली तरी आत घडतं ते जवळजवळ सारखंच: साठवलेला मजकूर ॲप तुमच्या प्रश्नाच्या आधी गुपचूप चिकटवतं आणि मॉडेल ते सगळं एका दमात वाचतं. त्यामुळे कायमच्या नोंदीतली ओळ प्रत्येक कामात हजर असते, तिचं तिथे काही काम असो वा नसो. तुमच्या चार पानांत बागेची माहिती होती. निमंत्रण लिहिताना ती समोर आली, आणि दिलेली माहिती वापरणं हीच मदत असं मॉडेल सहसा धरून चालतं. म्हणून घड आले. चूक त्याच्या आठवणीत नव्हती, बागेची माहिती ज्या जागी ठेवली गेली त्या जागेत होती.

दुसरी गोष्ट. अशा नोंदीत आपण स्वतःचं वर्णन लिहायला बसतो: शिक्षण, अनुभव, आवडीनिवडी, 'मला सोपी आणि ओघवती भाषा आवडते'. यातून मॉडेलला करण्यासारखं काही मिळत नाही. 'सोपी भाषा' म्हटल्यावर त्याची सोपी भाषा येते, तुमची नाही. तुम्ही लाल पेन घेऊन मसुद्यात जे निर्णय करता ते लिहा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही ओळ काढली तर मसुद्यात नेमका कोणता शब्द किंवा कोणतं वाक्य चुकेल? उत्तर सापडलं नाही तर ओळ काढा. या चाळणीतून चार पानांचं बहुधा अर्ध पान उरेल, आणि तेवढं पुरेल.

मजकूर तीन ठिकाणी वाटून ठेवा. पहिलं ठिकाण ॲपच्या सेटिंग्जमधल्या कायमच्या सूचनांचं. ते सहसा सगळीकडे लागू होतं, म्हणून तिथे निमंत्रणापासून फवारणीच्या संदेशापर्यंत सगळ्याला चालेल एवढंच लिहायचं. दुसरं ठिकाण प्रोजेक्टचं. चॅटजीपीटी आणि क्लॉडमध्ये याला प्रोजेक्टच म्हणतात. जेमिनीत 'जेम' नावाची सोय साधारण त्याच कामाची आहे. सदराचं एक आणि कंपनीच्या संदेशांचं एक, असे दोन प्रोजेक्ट करा. बाग, वाचक, शेतीचे शब्द हे सगळं त्यांतच राहील आणि साखरपुड्यापर्यंत पोचणार नाही. तिसरं ठिकाण चालू आठवड्याच्या छोट्या टिपणाचं, त्याकडे पुढे येऊ.

पहिल्या ठिकाणच्या जागेचा अंदाज असू द्या. चॅटजीपीटीत ही सोय २०२३ मध्ये आली तेव्हा प्रत्येक चौकटीला १५०० अक्षरांची मर्यादा होती. अशा मर्यादेत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'द्राक्ष' डोळ्यांना दोन अक्षरं दिसतो, संगणकाला तो सात. म्हणजे १५०० अक्षरांत मराठीचे जेमतेम दोनशे शब्द बसतात. तुम्हाला तेवढेही लागणार नाहीत. उदाहरणार्थ:

'मराठीत उत्तर द्या. मी स्त्री आहे. माझ्या तोंडची वाक्यं "मी गेले, मी सांगते" अशी. बोलीजवळची भाषा, क्रियापदं "केलं, सांगितलं" अशी. "केले, सांगितले" नको. आकडे देवनागरीत. "प्रदान करणे"ऐवजी "देणे", "सुनिश्चित करणे"ऐवजी "खात्री करणे", "च्या माध्यमातून"ऐवजी "-नं" किंवा "-तून". मसुद्याच्या आधी प्रस्तावना आणि नंतर सारांश नको. माहिती अपुरी असेल तर अंदाजानं भरू नका, तिथे [विचारा] असं लिहा.'

यात स्त्री असल्याचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे. तुमच्याविषयीची वैयक्तिक म्हणावी अशी हीच एक बाब मराठी मसुद्याला खरोखर लागते, कारण आपल्याकडे 'मी'नंतरचं क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. ती सांगितली नाही तर मॉडेल बहुतेक वेळा 'मी पाहत आलो आहे' असं लिहून मोकळं होतं. नको त्या शब्दांसमोर हवा तो शब्द लिहिला आहे, तेही विचारपूर्वक. नुसती बंदी घातली की मॉडेल शेजारचा तसलाच शब्द उचलतं: 'प्रदान करणे' गेलं की 'उपलब्ध करून देणे' येतं. पर्याय दिला की तेवढी वाट बंद होते.

आता प्रोजेक्ट. तुमचं खरं काम इथे आहे, म्हणून वेळही इथेच घालवा. प्रोजेक्टला दोन खण असतात: सूचनांची चौकट आणि फाइलींची जागा. बरेच जण सगळं फाइलींत टाकतात आणि मग सहायक नियम पाळत नाही म्हणून हैराण होतात. सूचनांची चौकट प्रत्येक वेळी पूर्ण वाचली जाते. फाइलींचं तसं नसतं. त्या जास्त झाल्या की ॲप त्यांतले प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तेवढेच मॉडेलपुढे ठेवतं. 'डाऊनीवर (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगावर) लेख लिही' म्हटलं की डाऊनीचा उल्लेख असलेले तुकडे येतील. 'औषधाची मात्रा लिहू नये' हा नियम वेगळ्या फाइलीत असेल तर तो कदाचित येणारच नाही. म्हणून न मोडण्याचे नियम सूचनांत, आणि संदर्भाला लागणारं साहित्य फाइलींत.

मात्रेचा नियम तुमच्या बाबतीत सगळ्यांत वर हवा. औषधाचं नाव, लिटरला किती मिली, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, हे आकडे मॉडेल अतिशय आत्मविश्वासानं लिहितं आणि ते चुकीचे असू शकतात. निर्यातीच्या बागेत एका चुकीच्या आकड्यानं फळात राहिलेल्या औषधाचा उर्वरित अंश मर्यादेबाहेर जाऊ शकतो. नियम लिहिताना कारणही लिहा: 'मात्रा, पीएचआय (काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची तो आकडा) किंवा मिश्रणाचं प्रमाण स्वतःहून कधीही लिहू नका, कारण वाचक संदेश पाहून थेट टाकी भरतात. त्या जागी [मात्रा तपासा] असं लिहा.' कारण सोबत असलं की नियमात नाव न घेतलेल्या गोष्टींनाही मॉडेल तोच विचार लावतं. जीएच्या डिपिंगचं (जिबरेलिक ॲसिड या संजीवकात घड बुडवण्याचं) प्रमाण तुम्ही नियमात लिहिलं नसलं तरी तिथेही ते बहुधा थांबेल. रिकामी जागा मग तुम्ही लेबल पाहून किंवा पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहून स्वतः भरा. हे काम सहायकाकडे कधीच सोपवू नका.

त्यानंतर संबोधन. 'वुई' या इंग्रजी शब्दाला मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत आणि मॉडेल इथे हमखास घसरतं. कंपनीच्या संदेशात 'आपण शनिवारी माल उचलणार आहोत' असं गेलं तर माल शेतकऱ्यानं उचलायचा की कंपनीनं, हा घोटाळा होतो. सूचनेत सरळ लिहा: कंपनी म्हणजे 'आम्ही', वाचक म्हणजे 'तुम्ही', 'आपण' फक्त दोघांनी मिळून करायच्या कामाला. सदरात तुम्ही वाचकांना काय म्हणता तेही ठरवा. नुसतं 'शेतकरी बंधूंनो' येऊ द्यायचं नसेल तर तसं लिहा. बागेत काम करणाऱ्या बायका तुमचं सदर वाचतात.

आता शब्दांची यादी. तीस-चाळीस शब्द पुरेत, पण ते तुमच्या भागातले हवेत आणि जिथे फरक असेल तिथे तो एका ओळीत सांगितलेला हवा. साधारण अशी:

खरड छाटणी: एप्रिलमधली. 'कापणी' नाही.
फळछाटणी: ऑक्टोबरच्या सुमाराची. बागेचं वय यापुढे दिवसांत मोजतात.
घड जिरणे: फुटीवरचा कोवळा घड वाढण्याऐवजी नाहीसा होणे. 'घड वाळणे' वेगळं.
पाणी उतरणे: मणी मऊ होऊन गोडी भरू लागणे. पाणी देण्याशी संबंध नाही.
डाऊनी, भुरी, करपा: असंच लिहायचं, शास्त्रीय नावं नकोत.
बेदाणा: आपला माल. 'मनुका' लिहू नका.
सौदे: बेदाण्याची बाजारातली विक्री. 'लिलाव' नको.

'पाणी उतरणे'सारखी नोंद विशेष मोलाची आहे. मॉडेल शब्द ओळखतं, पण बागाईतदाराच्या तोंडचा अर्थ ओळखत नाही, आणि मग 'बागेत पाणी उतरू देऊ नका' असलं काहीतरी लिहून बसतं. ज्या शब्दाचा सरळ अर्थ वेगळा आणि धंद्यातला वेगळा, तो यादीत आधी घ्या. 'फवारणी', 'ठिबक' यांसारखे शब्द त्याला येतात. ते घेऊन यादी फुगवू नका. एक बारीक तांत्रिक बाब: 'दुसऱ्या'मधला ऱ्या टाइप करायच्या दोन रीती आहेत. दिसायला अगदी सारख्या, आतून वेगळ्या. यादी एकाच कीबोर्डवर टाइप करा, नाहीतर पुढे शोधा-बदला करताना अर्धे शब्द सापडणार नाहीत.

नमुने मात्र यादीपेक्षाही जास्त काम करतात. तुमचे छापून आलेले तीन लेख द्या, जास्त नकोत. एक सल्ल्याचा, एक बाजाराविषयीचा, एक एखाद्या बागेच्या भेटीचा, प्रत्येकी ३०० ते ४०० शब्दांचा. तिन्ही एकाच प्रकारचे दिले तर मॉडेल त्या प्रकारचा साचा उचलतं. तिघांची सुरुवात एकाच शब्दानं होत असेल तर पुढचे सगळे लेख त्याच शब्दानं सुरू होतील. प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर एक ओळ घाला: 'वाक्यांची लांबी आणि बोलण्याची ढब पाहा; यातली वाक्यं, उदाहरणं आणि आकडे उचलू नका.' आकडे उचलू नका हे विसरू नका, नाहीतर मागच्या वर्षीचा बेदाण्याचा दर यंदाच्या लेखात येईल.

इथे मराठीतली एक जुनी अडचण आडवी येते. साप्ताहिकाच्या कार्यालयातून आलेली फाइल बहुधा श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉण्टमधली असते. तो फॉण्ट असलेल्या संगणकावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. मॉडेलला दिसते ती खिचडी. तपासायला सोपं आहे: फाइलीतला परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरांत आहे. भलतंच दिसलं तर फॉण्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये घ्या आणि ओळीनं वाचून पाहा, कारण जोडाक्षरं आणि रफार अशा बदलात बिघडतात. पीडीएफमधून कॉपी करतानाही ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडतात. फक्त छापील कात्रण हाती असेल तर त्याचा स्वच्छ फोटो गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात, मग हातानं दुरुस्ती. सदोष नमुना देऊ नका. 'महत्व' आणि 'तज्ञ' असं लिहिलेला नमुना दिलात तर 'महत्त्व' आणि 'तज्ज्ञ' परत मिळतीलच याची खात्री नाही.

तिसरं ठिकाण चालू टिपणाचं. मॉडेलला तुमच्या बागांची अवस्था माहीत नसते. आजची तारीख ॲपनं दिली तरी त्यावरून 'बागा फळछाटणीनंतर ४० ते ४५ दिवसांच्या, फुलोऱ्यात. दोन दिवस ढगाळ' हे त्याला कळणार नाही. हे सात-आठ ओळींत लिहा, वर तारीख घाला, आणि प्रत्येक नव्या संभाषणाच्या सुरुवातीला चिकटवा. कायमच्या नोंदीत हे कधीही टाकू नका. तिथे 'सध्या', 'यंदा', 'मागच्या हंगामात' हे शब्द पडले की ते तसेच राहतात, आणि मार्चमध्ये काढणीवर लिहायला बसलात तरी फुलोऱ्याचा सल्ला मिळतो. कायमच्या नोंदीत काळ सांगायचाच असेल तर महिना आणि वर्ष लिहा.

आपोआप साठणाऱ्या मेमरीविषयी वेगळं सांगायला हवं, कारण ती तुमच्या नकळत भरते. संभाषणातून ॲप स्वतःच काही बाबी टिपून ठेवतं. एकदा निमंत्रणासाठी अलंकारिक भाषा मागितली तर 'वापरकर्तीला अलंकारिक भाषा आवडते' अशी नोंद होऊ शकते, आणि पुढे डाऊनीच्या संदेशात 'निसर्गाची अवकृपा' उगवते. महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन साठलेल्या नोंदी वाचा, नको त्या काढा. एकदाच करायच्या कामासाठी तात्पुरतं संभाषण उघडण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये आहे. निमंत्रणं, भाषणं तिथे करा. लेखनाच्या कामाला आमची पसंती हातानं लिहिलेल्या नोंदीला आहे. त्यात काय आहे हे तुम्हाला माहीत असतं.

नोंद चांगली असूनही मसुदा घसरतो तेव्हा बहुतेक वेळा संभाषण लांबलेलं असतं. तासभर एकाच खिडकीत काम केलं की सुरुवातीच्या सूचनांवर मधल्या सगळ्या मजकुराचा थर चढतो. त्यांचा जोर मग कमी होतो. त्यात देवनागरी मजकूर त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातो, म्हणून मराठीत हे लवकर जाणवतं. एक लेख, एक संभाषण असं ठेवा. दुसरा लेख सुरू करताना नवं संभाषण उघडा. नोंद आपोआप येईल, चालू टिपण तुम्ही चिकटवाल. एवढ्यानं तुमच्या दहा मिनिटांची दोन होतील.

नोंद इंग्रजीत लिहावी का, असं पुष्कळ जण विचारतात. मॉडेल दोन्ही वाचतं, पण मराठी लेखनासाठी मराठीतच लिहा. इंग्रजी सूचना दिली की मसुदा भाषांतरासारखा वाकतो, आणि शब्दांची यादी तर इंग्रजीत लिहिताच येत नाही. मूळ प्रत ॲपबाहेर ठेवा: गुगल डॉक्समध्ये किंवा साध्या टेक्स्ट फाइलीत. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये साठवत असाल तर एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसते. मूळ प्रत हाती असली की उद्या दुसरा सहायक वापरावासा वाटला तरी पाच मिनिटांत सामान हलवता येतं.

या प्रतीत काय नको तेही ऐका. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, सातबाऱ्याचे गट नंबर, कुणाची थकबाकी, कुणाच्या मालाचा नाकारलेला अहवाल, यातलं काहीही नोंदीत किंवा प्रोजेक्टच्या फाइलींत टाकू नका. ती माहिती लोकांनी कंपनीवर भरवसा ठेवून दिलेली असते, आणि मसुदा लिहायला तिची गरजही नसते. 'शेतकरी क' लिहा, नाव शेवटी स्वतः भरा. तुमची संभाषणं मॉडेल शिकवण्यासाठी वापरू द्यायची की नाही, याचा खटका सेटिंग्जमध्ये असतो. तो आजच पाहून घ्या.

नोंद तयार झाली की तिची परीक्षा घ्या. तीन ठरावीक कामं निवडा: डाऊनीवर चार ओळींचा संदेश, बेदाण्याच्या सौद्यांवर एक परिच्छेद, आणि द्राक्षाशी संबंध नसलेलं काहीतरी, समजा शाळेच्या स्नेहसंमेलनाचं आभारप्रदर्शन. पहिल्या दोघांत 'आम्ही-तुम्ही' नीट आहे का, मात्रेच्या जागी कंस आला का, शब्द यादीतले आहेत का, हे पाहा. तिसऱ्यात, प्रोजेक्टच्या बाहेर, एकही घड दिसता कामा नये. दिसला तर सेटिंग्जमधल्या सूचनांत किंवा मेमरीत शेतीची ओळ राहिलेली आहे, शोधून काढा. चुकलं तर एका वेळी एकच ओळ बदला आणि नव्या संभाषणात पुन्हा पाहा. चार ओळी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही. लांबी मात्र या परीक्षेत धरू नका. शब्दसंख्या मॉडेलला अचूक जमत नाही. '४५० शब्द' म्हणण्याऐवजी 'पाच परिच्छेद, प्रत्येकी चार-पाच वाक्यं' म्हटलं की मागितलेल्या आणि मिळालेल्या लांबीतला फरक कमी होतो.

आणि नोंद वाढवायची कशी? अंक छापून आला की सहायकाचा मसुदा आणि छापलेला लेख शेजारी ठेवा. तुम्ही काय काय बदललं त्याच्या खुणा करा. एकदा बदललेलं सोडून द्या. तीच दुरुस्ती तिसऱ्यांदा करावी लागली की ती नियम म्हणून लिहा, उदाहरणासकट: 'असं आलं होतं, असं हवं'. दोन्ही मजकूर सहायकालाच देऊन फरक काढायला सांगता येतो, पण तो 'भाषा अधिक नैसर्गिक ठेवावी' असले गुळमुळीत नियम सुचवतो. त्याच्याकडून फक्त बदललेल्या वाक्यांच्या जोड्या घ्या, नियम तुम्ही लिहा. नवा नियम जुन्याशी भांडत नाही ना तेही पाहा. 'थोडक्यात लिहा' आणि 'कारणं सविस्तर द्या' एकाच नोंदीत असले तर मॉडेल त्यातला कधी हा, कधी तो निवडतं, आणि तुम्हाला वाटतं ते लहरी आहे. सूचनांची चौकट एका पानाबाहेर जाऊ लागली की नवी ओळ घालताना एक जुनी काढा.

येत्या शनिवारी सुरुवात करायची तर चार पानं पुसू नका. ती प्रोजेक्टबाहेर, स्वतःजवळ ठेवा आणि त्यांतून फक्त शब्दांची यादी उचला. तेवढा भाग तुमच्याशिवाय कुणीच लिहू शकलं नसतं.